फ्रेंचच्या बाई

वीणा चांदोरकरनं न्यू जर्सीतल्या एका सरकारी शाळेत सत्तावीस वर्षं अमेरिकन पोरांना फ्रेंच शिकवलं, आणि एवढ्या वर्षांत तिनं फ्रान्समध्ये एकदाही पाऊल टाकलं नाही. हे मी कुणाला सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. पूर्वी मीही हसायची. आता कुणी हसलं की माझं डोकं फिरतं. तसं ते फिरायला फार काही लागत नाही, असं माझा नवरा श्रीरंग म्हणतो. पण त्याच्या बोलण्याकडे लक्ष देत बसले असते तर आमचा संसार नागपूरहून निघून एडिसनपर्यंत पोचलाच नसता.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते ओक ट्री रोडवरच्या एका वाणसामानाच्या दुकानात. ती मेथीची जुडी उलटीपालटी करून पिवळी पानं शोधत होती. तेवढ्यात एक सहाफुटी गोरा तरुण समोर आला आणि कमरेत वाकून म्हणाला, "बोंजूर, मादाम!" पुढे तो काहीतरी लांबलचक बोलला. तिनं मान वर न करता त्याच्या वाक्यातली चूक काढली, वाक्य त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं, आणि जुडी ठेवून दुसरी उचलली. तो खूश होऊन गेला. मी तोंड उघडं टाकून बघतच राहिले.

"माझा जुना विद्यार्थी," ती म्हणाली. "क्रियापदांत कच्चाच राहिला. आणि तुम्ही ती जुडी घेऊ नका, आतून सडलीय."

अशी आमची मैत्री मेथीवरून सुरू झाली.

वीणा मिरजेची. फ्रेंच शिकायचं खूळ तिच्या डोक्यात कुठून शिरलं हे तिच्या घरात कुणालाच कळलं नाही. वडील म्हणाले होते, शिकायचंच तर जर्मन शीक, निदान कारखान्यात तरी उपयोग होईल. तिनं ऐकलं नाही. पुण्याला राहिली, एक जुनी लेडीज सायकल मिळवली, तिच्यावरून गावभर भटकली आणि फ्रेंचमध्ये एम.ए. झाली. पुढे पॅरिसला शिकायला जाण्यासाठी अर्ज करायचा विचार चालला होता, तेवढ्यात हेमचंद्र चांदोरकरांचं स्थळ आलं. मुलगा अमेरिकेत इंजिनियर, पाणीपुरवठा खात्यात. नाही म्हणायला जागाच नव्हती. इकडे येताना विमान फ्रान्सवरूनच आलं म्हणे. "खाली ढग होते," असं वीणा सांगते. एवढंच तिचं फ्रान्सदर्शन.

तिच्या शाळेच्या पुस्तकात मोनीक आणि कातरीन या दोन मैत्रिणींचा धडा होता. दोघी सुट्टीत सायकलवरून मावशीच्या गावी जातात. धडा काही फार थोर नव्हता, भूतकाळ शिकवायला लिहिलेला. पण वर एक चित्र होतं. दोन्ही बाजूंना उंच झाडं, मधून अरुंद रस्ता, लांबवर चर्चचा मनोरा आणि सायकलच्या टोपलीत लांबुडका पाव. दर वसंतात हा धडा यायचा, आणि मादाम त्यात आठवडाभर रमायच्या. चर्चच्या उजवीकडे औषधांचं दुकान, पुलापलीकडे बेकरी, मावशीच्या घरामागे कोंबड्या. हे सगळं धड्यात होतं की तिनं पदरचं घातलं होतं, देव जाणे. धडा संपला की कुणीतरी हमखास विचारायचं, "मादाम, तुम्ही गेला आहात तिथे?" आणि मादाम म्हणायच्या, "पाझांकोर." म्हणजे, अजून नाही.

त्या 'अजून'वर तिनं एवढी वर्षं काढली. मला हे ती रिटायर होताना कळलं, शाळेनं दिलेल्या निरोपाच्या पार्टीत. मुलांनी केकवर तोच शब्द लिहून आणला होता. सगळे हसले. वीणाही हसली, आणि सुरी हातात घेऊन उगीचच बराच वेळ उभी राहिली. केक कापवेना तिला.

माशी कुठे शिंकली म्हणाल, तर दर वेळी निराळ्या ठिकाणी. सुरुवातीला ग्रीन कार्डाचे कागद अडकलेले, देश सोडता येईना. मग अनया झाली. मग शाळेतून मुलांना घेऊन जायची ट्रिप ठरली, तर सासूबाई इथे आलेल्या असताना बाथरूममध्ये घसरल्या. वीणाऐवजी स्पॅनिशच्या बाई गेल्या, ज्यांना फ्रेंचमध्ये पाणी मागता येत नव्हतं! मग अनयाचं कॉलेज. मग करोना. चिडायला मला कुणीतरी लागतं, इथे कुणी सापडेना. हेमचंद्रांसारखा भला माणूस तर दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. आणि वीणा दर वेळी हसून म्हणायची, "बघू गं पुढच्या वर्षी." तिला खरंच जायचं आहे की हा नुसता बोलण्याचा विषय आहे, अशी शंका यावी इतकं ते हसणं सहज होतं.

सायकलींचं वेड आम्हाला करोनाच्या बंदीत लागलं. जिम बंद, देऊळ बंद, एकमेकांची घरं बंद. मग मी, श्रीरंग, वीणा आणि सुमित्रा असे चौघं रविवारी सकाळी कालव्याकाठच्या मातीच्या रस्त्यानं सायकली हाकायला लागलो. सुमित्रा दातांची डॉक्टर, आता रिटायर. पण जगाचे वाकडे दात सरळ करायचं काम तिनं सोडलेलं नाही. हेल्मेट घातलेलं आमचं ते ध्यान बघून कालव्यातली बदकंसुद्धा बाजूला व्हायची. आमच्यात खरी सायकलवाली वीणाच. मी वळताना जीव मुठीत धरायची, श्रीरंग चढ आला की फोन आल्याचं नाटक करायचा, आणि ही बाई एका हातानं हँडल धरून दुसऱ्या हातानं पाण्याची बाटली काढून पीत पुढे निघून जायची. सायकलवर ती सत्तरीची वाटायचीच नाही.

फ्रान्सची कल्पना सुमित्राची. नदीच्या काठानं आठवडाभर सायकल, सामान गाडीतून पुढच्या मुक्कामाला जाणार, आपण फक्त पायडल मारायचं आणि रात्री कुणाच्या तरी शेतघरात झोपायचं. ती हे सांगत होती तेव्हा आम्ही कालव्याकाठी बाकावर डबे उघडून बसलो होतो.

"नाव काय म्हणालीस नदीचं? लॉयर?" श्रीरंगनं विचारलं.

"ल्वार," वीणा म्हणाली. "लॉयर म्हणजे वकील, श्रीरंग."

"तेच ते. वकिलाच्या काठानं. म्हातारपणी कसले डोहाळे लागलेत यार तुम्हाला!"

वीणानं चष्मा काढला, ओढणीनं पुसला, पुन्हा घातला. डब्यातला ढोकळा तसाच राहिला. मी तिच्याकडे बघितलं. माणसाला एवढं काही हवं असेल आणि त्यानं ते इतकी वर्षं हसण्यावारी नेलं असेल, तर आपण शेजारी बसून काय बघत होतो?

प्रश्न हेमचंद्रांचा होता. गेली काही वर्षं त्यांची आठवण विरत चालली होती. ज्या माणसानं अर्ध्या जिल्ह्याच्या पाण्याच्या लाइन टाकल्या, त्याला घरातला नळ कुठल्या बाजूला फिरवायचा ते सुचेना. चहा झाला की लगेच चहाचं विचारायचे. आम्हाला ओळखायचे कधी, कधी नाही. वीणाला मात्र पक्कं ओळखायचे. ती खोलीत असली की शांत, दिसेनाशी झाली की उठून शोधायला लागायचे. रविवारी ती आमच्याबरोबर असायची तेवढा वेळ एक गुजराती बाई त्यांच्याजवळ बसायच्या, आणि वीणा परतली की दारातच उभे असायचे दोघं.

अनयानं प्रश्न सोडवला. ती कॅलिफोर्नियात सांता क्लाराला असते, कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. तिचा व्हिडिओ कॉल मी ऐकला, वीणाच्या स्वयंपाकघरात.

"मॉम, यू आर गोइंग. मी तीन आठवडे तिकडून वर्क फ्रॉम होम करते. बाबांना मी बघीन. नो डिस्कशन."

"अगं पण त्यांचं औषध, त्यांचं जेवण..."

"मॉम! आय कॅन बॉइल राइस."

तो वसंत वीणाचा होता. तिचा आवाज बदलला, चाल बदलली. कालव्याकाठी ती आमचा वर्गच घ्यायला लागली. पुढून ओरडायची, "पाणी हवंय, कसं म्हणाल?" आणि मागून आम्ही तिघं धापा टाकत काहीतरी आरडाओरडा करायचो. येणारेजाणारे अमेरिकन लोक घाबरून रस्ता द्यायचे. श्रीरंगला शेवटपर्यंत 'मेर्सी' म्हणता आलं नाही, तो 'मर्सी'च म्हणायचा. "दया मागतोयस तू," वीणा त्याला सांगायची, आणि इतकी हसायची की सायकल थांबवावी लागायची.

निघायच्या आठवडाभर आधी अनया आली. वीणानं म्हटलं, आधी एक रात्र तालीम करू, मी पद्मिनीकडे राहते. पद्मिनी म्हणजे मी, म्हणून ती आमच्याकडे आली. संध्याकाळी आम्ही जेवायला बसतोय तोच अनयाचा फोन. ती मीटिंगमध्ये होती, बाबा मागच्या दारानं निघून गेले. आम्ही गाड्या काढल्या. सापडले ते पार शेजारच्या आयसेलिन गावात, एका साडीच्या दुकानासमोर. पायात घरातल्या सपाता. दुकानाच्या काचेत साड्या नेसवलेले पुतळे उभे होते, आणि हेमचंद्र येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना अगदी अदबीनं विचारत होते, "माफ करा हं, वीणाला पाहिलंत का?"

वीणा गाडीतून उतरली. त्यांनी तिला पाहिलं आणि सुटकेचा श्वास सोडला. "फार उशीर केलास," एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर रडली ती अनया. "मॉम, इट वॉज वन टाइम. मी दोन्ही दारांना लॉक लावते. मीटिंग्ज कॅन्सल करते. प्लीज, गो."

वीणा हेमचंद्रांचे पाय गरम पाण्यात धूत होती. "बघू गं," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी."

मी भडकलेच. "पुढचं वर्ष, पुढचं वर्ष! सत्तरीची झालीस तू! कुठल्या पुढच्या वर्षाच्या गोष्टी करतेस? हे काय बरे होणार आहेत पुढच्या वर्षी?"

बोलून गेले. वीणानं टॉवेल घेतला आणि त्यांच्या बोटांमधलं पाणी टिपलं. "ओरडू नकोस पद्मिनी," ती म्हणाली. "ते घाबरतात."

शेवटी आम्ही तिघंच गेलो.

ल्वारच्या काठचं वर्णन मी करणार नाही. केलं तर ते पुस्तकातल्या चित्रासारखंच होईल, कारण ते तसंच होतं. झाडांच्या रांगा तशाच, मनोरे तसेच, गव्हाच्या कडेला लाल फुलं, नदीत वाळूचे दांडे आणि त्यांवर एका पायावर उभे बगळे. पहिले दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. श्रीरंग म्हणायचा, "बघ गं, काय सुंदर आहे!" आणि मला रडू यायचं. जे दिसत होतं ते चुकीच्या माणसांना दिसत होतं. आम्हाला काय, चार फोटो काढले की झालं! त्या रस्त्यावर जी बाई पन्नास वर्षं मनानं सायकल चालवत होती, ती एडिसनला वरणभात कालवून भरवत होती.

फोन करायचा नाही असं मी ठरवलं होतं. तिला वाईट वाटेल म्हणून. पण पहिल्याच दुपारी सुमित्राचा उपास घडायची वेळ आली. ती शाकाहारी. हॉटेलवाल्याला इंग्रजीतून, हातवारे करून, शेवटी कोंबडीचा आवाज काढून 'हे नको' असं सांगितलं, तर तो आनंदानं कोंबडीच घेऊन आला. शेवटी मी वीणाला फोन लावला आणि त्या माणसाच्या हातात दिला. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. आधी तो ताठ उभा राहिला, शाळेत बाईंनी उभं केल्यासारखा. मग हसला. मग भिंतीला टेकून गप्पाच मारायला लागला. सुमित्राला मशरूमची भाजी मिळाली, वर बशीभर चीज फुकट.

मग काय, आम्हाला सवयच लागली. पंक्चर झालं, वीणा. रस्ता चुकला, वीणा. आम्ही पुढे पुढे आणि ती एडिसनच्या स्वयंपाकघरातून आमच्या मागे मागे. "उंटावरून शेळ्या हाकतेय मी," ती म्हणायची. पण तिचा आवाज फुललेला असायचा. चर्च कुठल्या हाताला आहे विचारायची, पूल ओलांडलात का विचारायची, आणि मग म्हणायची, "बेकरी आलीच असेल बघ." बेकरी आलेली असायची.

शेवटच्या आदल्या मुक्कामाला मात्र आमची फजिती झाली. वारा समोरून, वाट मळ्यांतून, आणि ज्या शेतघरात उतरायचं ते सापडेना. वीणानं बुकिंगच्या फ्रेंच पत्रातल्या खुणा बघून, फोनवर पाण्याची टाकी, क्रूस, अक्रोडाचं झाड असं विचारत विचारत आम्हाला दारात नेऊन उभं केलं. घर मादाम जोसलीन नावाच्या म्हाताऱ्या बाईंचं. एकट्याच राहायच्या. इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. हातवारे करण्याआधीच मी फोन स्पीकरवर टाकून त्यांच्या हातात दिला.

त्या खुर्ची ओढून बसल्या आणि बोलायला लागल्या. किती वेळ बोलल्या! आम्ही हातपाय धुतले, कपडे बदलले, तरी चालूच. मध्येच त्या फोन घेऊन मागच्या अंगणात गेल्या, बहुधा कोंबड्यांचा आवाज ऐकवायला. परत येऊन चुलीवरच्या भांड्याचं झाकण काढून आत काय शिजतंय ते सांगितलं. मोठ्यांदा हसल्या. दोन म्हाताऱ्या बायका ओट्याशी बोलतात तसं चाललं होतं. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण आवाज कळत होता. असा मोकळा आवाज मी वीणाचा मराठीतसुद्धा ऐकला नव्हता. मग वीणा काहीतरी छोटंसं म्हणाली, मादाम हो हो अशा अर्थी "वी, वी" म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

त्यांनी टेबलावर ताटं मांडली. चार.

आम्ही बसलो. सूप तयार होतं, पाव कापलेला होता, पण मादाम वाढेनात. आम्हाला खुणेनं 'थांबा' म्हणाल्या. खिडकीशी जाऊन रस्त्याकडे बघून आल्या. दारावरचा दिवा लावला. सूप खाली उतरवलं, पुन्हा चढवलं. श्रीरंगच्या पोटात कावळे ओरडत होते. "मुलगा येणार असेल गं त्यांचा," तो कुजबुजला. होता होता एवढा उशीर झाला की मी न राहवून पुन्हा वीणाला फोन लावला.

"अगं, ही बाई जेवायला वाढत नाहीये. कुणाची तरी वाट बघतेय. विचार जरा, कोण यायचंय?"

फोन मादामकडे दिला. त्या बोलल्या, थांबल्या, पुन्हा काहीतरी विचारलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"वीणा? कोण यायचंय?"

"मी," वीणा म्हणाली.

"म्हणजे?"

"त्यांना चौघं येणार असंच माहीत होतं गं. एक कमी झाल्याचा निरोप त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. त्यांना वाटलं मी मागून येतेय सायकलवर. आणि मी... मघाशी बोलणं संपवताना मी म्हटलं, जारीव्ह."

"म्हणजे काय?"

"येते." तिचा आवाज बारीक झाला होता. "'येते' म्हणाले मी. फ्रेंचमध्ये निरोप घेताना असं म्हणत नाहीत गं. 'येते' म्हणजे खरंच येते, पोचतेच आहे, असा अर्थ होतो. मुलांच्या सगळ्या चुका काढल्या मी आयुष्यभर. ही कशी झाली?"

कशी झाली ते मला लख्ख कळलं होतं. आपण कुणाच्या घरून निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. पण फोनवर नाही. फोनवर आपण 'ठेवते' म्हणतो. 'येते' म्हणतं ते माणूस, जे समोर बसलेलं असतं आणि आता उठतं. वीणा त्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेली होती. कोंबड्या बघून आली होती, सूप हुंगून झालं होतं. मग ती उठली आणि निघताना मिरजेच्या बाईनं म्हणावं तसं म्हणाली. मला हे तिला सांगायचं होतं, पण मी नुसतीच फोन कानाला धरून उभी राहिले.

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "हे उठले गं," वीणा घाईनं म्हणाली. "ठेवते."

मादाम जोसलीननी आम्हाला वाढलं. मग चौथ्या ताटातही सूप वाढलं. सुमित्रा, जी जगाला शिस्त लावते, ती मान खाली घालून रडत होती आणि पावाचे तुकडे करत होती.

परत आल्यावर दुसऱ्याच दुपारी मी वीणाकडे गेले. मादामनी तिच्यासाठी जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी दिली होती. ती आणि हेमचंद्र टेबलाशी बसून मटार सोलत होते. म्हणजे ती सोलत होती आणि ते सोललेले दाणे एकेक करून पुन्हा सालांत ठेवत होते. ती ते पुन्हा सोलत होती.

तिनं मला सगळं विचारलं. दार कुठल्या रंगाचं? ओटा खिडकीखाली की भिंतीशी? कोंबड्या किती, पांढऱ्या की तपकिरी? मी सांगत होते. सांगताना मला हायसं वाटत होतं, जणू दुसऱ्याची वस्तू इतके दिवस जवळ होती आणि आता ती ज्याची त्याला देऊन टाकतेय.

"आणि ताट?" तिनं विचारलं.

"पांढरं. कडेला निळी रेघ."

"कुणी उचललं?"

मी खोटं बोलणार होते, पण जमलं नाही. "कुणीच नाही गं. सकाळी आम्ही निघालो तेव्हाही टेबलावर तसंच होतं. साय धरली होती सुपावर."

वीणाचे हात थांबले. तिनं बरणी जवळ ओढली, झाकणावर तळहात ठेवला, आणि मग तिच्या तोंडून जे निघालं ते मी इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. हसून नाही, 'बघू' नाही.

"मला जायचं होतं गं, पद्मिनी," ती म्हणाली. "मला फार जायचं होतं." आणि ती रडायला लागली. तोंड न झाकता, मोठ्यांदा, लहान मुलीसारखी. मी उठून तिला धरलं.

हेमचंद्र तिच्याकडे बघत होते. हातातला मटाराचा दाणा त्यांनी जपून टेबलावर ठेवला.

"मग जाऊ की," ते म्हणाले. अगदी पूर्वीच्या आवाजात, जसे ते आम्हाला दारात या, बसा म्हणायचे तसे. "आधी नाही का सांगायचंस? रडतेस काय? मी कधी नाही म्हटलंय तुला?"

ते टेबलाला धरून उठले आणि कोट शोधायला लागले. वीणानं डोळे पुसले. ती त्यांच्यामागे गेली, खुंटीवरचा कोट काढला, आणि त्यांचा एकेक हात धरून बाहीत घातला.